परसातील पाखरे : पिल्लांची जखम आणि खुराड्याचा दोष

हैदराबादेतील जुन्या वाड्यांची परसे आता पुष्कळ आटली. तरीही गच्चीवर किंवा मागील अंगणात चार कोंबड्या बाळगण्याची हौस काही घरांतून टिकून आहे. जुन्या शहरात तर मुर्गी चौक या नावाचा भागच आहे. कित्येकदा मुलांच्या हट्टापायी रंगवलेली पिल्ले टोपलीतून घरी येतात आणि आठ दिवसांत एकेक करून मरतात. मुले रडतात, वडील माणसे म्हणतात, 'ती जगणारी नव्हतीच.' हे म्हणणे प्रत्येक वेळी खरे नसते. पुष्कळ पिल्ले दोन साध्या कारणांनी दगावतात : गुदद्वार विष्ठेने बंद होणे, आणि सोबत्यांनी टोचून केलेली जखम. दोहोंवर घरी उपाय करता येतो, मात्र तो वेळेवर झाला पाहिजे.

प्रथम गुदद्वाराविषयी. प्रवासात थंडी, ऊन वा तहान सोसलेल्या पिल्लाची विष्ठा चिकट होते, शेपटीखालच्या लवीला धरून वाळते आणि द्वारच बंद करते. पिल्लू कण्हते, पंख पाडून बसते आणि उपाय न झाल्यास मरते. अशा वेळी वाळलेला गोळा ओढून काढू नये. तसे केल्यास लवीबरोबर कातडीही सुटते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन-तीन मिनिटे धरून ठेवावा, गोळा मऊ झाला की हलकेच पुसून घ्यावा, पिल्लू उबेत पूर्ण कोरडे करावे आणि त्या जागी खोबरेल तेलाचा वा व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवावा. पुढील तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाहत राहावे.

येथे एक सावधगिरी हवी. पोटाच्या खालच्या बाजूस काळपट, वाळलेला लहानसा दोरा दिसतो, ती पिल्लाची बेंबी होय. तिला विष्ठा समजून ओढल्यास आतडे बाहेर येण्याचा धोका असतो. बेंबी सुजलेली, ओलसर किंवा दुर्गंधी असेल, तर तो जंतुसंसर्ग आहे व त्याला घरगुती उपाय पुरत नाही.

तसेच, एकाऐवजी अनेक पिल्लांना चुन्यासारखी पांढरी हगवण लागली व पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती पटापट मरू लागली, तर 'पुलोरम' या रोगाची शंका घ्यावी. त्याचे जंतू आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतात. वाचलेली पिल्ले वरून धडधाकट दिसली तरी रोग वाहत असतात; त्यांची अंडी उबवण्यास ठेवू नयेत. विष्ठेत रक्त दिसल्यास ती बहुधा रक्ती हगवण असते. या सर्व प्रसंगी पशुवैद्याकडेच जावे. दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात मिसळण्याची सवय घातक आहे. जी कोंबडी औषध पिते, तिचीच अंडी आपण खातो. माणसांच्या गंभीर आजारांत शेवटचा आधार ठरणाऱ्या कोलिस्टिन या औषधाचा कोंबड्यांसाठी वापर भारत सरकारने 2019 मध्ये याच काळजीपोटी बंद केला.

आता टोचण्याविषयी. कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते आणि ती चोचीने ठरते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी 1921-22 च्या सुमारास दाखवून दिले. त्यासाठी मारलेली टोच क्षणिक असते. परंतु शेपटीच्या मुळाशी वा गुदद्वाराशी लागून रक्त दिसले, की सारा कळप त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतो आणि तासाभरात पिल्लू गतप्राण होऊ शकते. म्हणून जखमी पिल्लू तत्क्षणी वेगळे करावे, हा पहिला उपचार.

अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुवावी. भोवतालची पिसे कात्रीने कापावीत. फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. जखमेच्या कडेने कडुनिंबाचे तेल लावल्यास माश्या व चोची दोन्ही दूर राहतात. माणसांसाठीची, वेदना बधिर करणारी मलमे पाखरांना लावू नयेत. पिल्लाला जाळीच्या आड, सोबत्यांच्या नजरेसमोर ठेवावे म्हणजे ते एकटेपणाने खंगत नाही. खपली धरून कातडी भरली की संध्याकाळी, अंधार पडताना, परत सोडावे. मांस बाहेर आले असेल वा जखमेत अळ्या दिसल्या तर मात्र वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

तथापि जखम धुतली म्हणजे काम संपले असे नाही. एक पिल्लू टोचले गेले, तर दोष त्या पिल्लाचा नसून खुराड्याचा असतो. दाटी, प्रखर दिवा, उकाडा आणि अपुरे अन्न ही टोचण्याची मुख्य कारणे. पहिल्या महिन्यात प्रत्येक पिल्लास निदान अर्धा चौरस फूट व पुढे एक चौरस फूट जागा हवी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश सेल्सिअस ऊब ठेवून ती दर आठवड्यास तीन अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला जाऊन धापा टाकू लागली तर उष्णता, एवढे पाहिले तरी पुरे. आपल्याकडे वैशाखात दुपारी दिव्याची गरजच उरत नाही, सावलीची उरते. नुसत्या कण्यांवर पिल्ले वाढत नाहीत. सुमारे वीस टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे. पालकाची जुडी उंच टांगली की चोचींना काम मिळते.

जातीचाही विचार करावा. आंध्र-तेलंगणात प्रसिद्ध असलेली असील जात, जिचे नाव आपल्या 'अस्सल' शब्दाच्याच कुळातले आहे, झुंजीची आहे. तिची पिल्ले लहानपणापासून भांडतात, म्हणून त्यांना जागा अधिक द्यावी. राजेंद्रनगर येथे 1988 मध्ये स्थापन झालेल्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी 'वनराजा' व 'ग्रामप्रिया' या जाती तयार केल्या. त्याही पहिले सहा आठवडे उबेत, निगराणीखाली वाढवूनच मोकळ्या सोडावयाच्या असतात.

शेवटी एक सूचना. पिल्ले स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत, आणि हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्याखेरीज ताटावर बसू नये. पिल्ले मुलांच्या हौसेने घरात येतात. त्यांचे रोजचे निरीक्षणही मुलांकडेच सोपवावे. संध्याकाळी प्रत्येक पिल्लू उचलून शेपटीखाली एकदा पाहणे, एवढ्या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.