शेरेबुकाला उत्तर कोण देणार?




मागे पडलेल्या जिल्हा परिषद शाळांची तपासणी कडक करा, ही मागणी दरवर्षी एखादे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले की जोर धरते. मी आधी शिक्षक होतो, नंतर शाळांच्या गटावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. तपासणी झालीच पाहिजे, या मताचा मी आहे. पण आज आपण जिला तपासणी म्हणतो ती कितीही कडक केली तरी एकही मूल वाचायला शिकणार नाही, हे मी माझ्या स्वतःच्या शेऱ्यांवरून सांगतो.

वार्षिक तपासणीचा निरोप आठवडाभर आधी शाळेत पोचतो. त्या दिवशी टेबलावर हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, टाचणवही, किर्द, पोषण आहाराची साठा नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त असा ढीग लागलेला असतो. तांदळाचा साठा आणि पटावरची हजेरी जुळेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. मग एका वर्गात डोकवायचे, पुढच्या बाकावरची मुलगी कविता म्हणते, आणि शेरेबुकात लिहायचे, ‘कामकाज समाधानकारक, गुणवत्तावाढीस वाव आहे.’ एका दोनशिक्षकी शाळेत मी सलग तीन वर्षे जवळजवळ हेच वाक्य लिहिले. चौथ्या वर्षी चौथीतल्या एका मुलाच्या हातात दुसरीचे पुस्तक दिले. त्याने धडा धडाधड म्हणून दाखवला. मधल्याच एका शब्दावर मी बोट ठेवले, तेव्हा तो गप्प झाला. वर्गातल्या अकरा मुलांपैकी सात जणांची तीच गत निघाली. कागदावर या शाळेत काहीही चुकलेले नव्हते.

त्या शाळेतले एक पद दीड वर्ष रिकामे होते. चारही वर्ग एकट्या गुरुजींकडे, वर मतदार यादीचे काम. माझ्या एकाही शेऱ्यात या रिकाम्या पदाचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी पंचायत समितीत खेटे घातले, दुसऱ्या शाळेतला एक शिक्षक तिथे कामगिरीवर आणला आणि दर पंधरवड्याला शनिवारी सकाळी त्या सात मुलांजवळ जाऊन बसू लागलो. कोण कुठल्या जोडाक्षरावर अडतो, हे गुरुजी आणि मी एका वहीत लिहीत गेलो. उन्हाळ्यापर्यंत पाच जण सोपा उतारा वाचू लागले. उरलेल्या दोघांपैकी एक जण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. त्याच्यासाठी मला काही करता आले नाही, याची खंत आजही आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या देखरेखीवर नेमके बोट ठेवले होते. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही जावे, असे त्यांचे म्हणणे होते. अचानक भेटीची मागणी करणारे यातला शेवटचा भाग तेवढा उचलतात. फुल्यांचा भर आधी वारंवार जाण्यावर आहे. शाळा बुडवणाऱ्या शिक्षकाला अचानक भेटीनेच पकडावे आणि त्याच्यावर कारवाईही करावी, त्याला माझी हरकत नाही. पण मुले वाचत नाहीत ती दरवेळी शिक्षक गैरहजर असतो म्हणून नव्हे.

आणि वारंवार जाणार कोण? राज्यात केंद्रप्रमुखांची ४८६० पदे मंजूर आहेत. त्यांतली २३८४ पदे विभागीय परीक्षेतून भरण्याची जाहिरात २०२३ मध्ये निघाली आणि ती परीक्षा पुढे पुढेच ढकलली गेली. पद रिकामे राहिले की शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार येतो, आणि त्या माणसाचा दिवस ‘आजच्या आज माहिती पाठवा’ या संदेशांना उत्तरे देण्यात संपतो. शाळांच्या मूल्यमापनाच्या ‘शाळा सिद्धी’ कार्यक्रमात सात क्षेत्रे आणि ४६ मानके होती, आताच्या गुणवत्ता आराखड्यात १२८ मानके आहेत. ही मानके चुकीची आहेत असे मी म्हणत नाही. पण ती भरायला लागणारा वेळ मुलांजवळ बसण्याच्या वेळेतूनच जातो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते घरी जाऊन एकेका मुलाकडून एक पान वाचून घेतात, त्याला काही मिनिटे लागतात. २०२४ च्या त्यांच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी फक्त २३.४ टक्के निघाली. आमच्या शेरेबुकांतून असा आकडा कधीच बाहेर आला नसता.

शाळांच्या श्रेणी जाहीर करा, म्हणजे लाजेने तरी सुधारतील, असेही काही जण म्हणतात. इंग्लंडमध्ये ‘ऑफस्टेड’ ही तपासणी यंत्रणा अनेक वर्षे सरकारी शाळेला एका शब्दात श्रेणी देत असे. अशा तपासणीनंतर जानेवारी २०२३ मध्ये एका मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली. तपासणीचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला आणि सप्टेंबर २०२४ पासून ती एकशब्दी श्रेणी बंद झाली. त्या यंत्रणेतली घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. तिथे नापास ठरलेल्या शाळेत निरीक्षक पुन्हा पुन्हा जाऊन आधी सांगितलेल्या गोष्टींचे काय झाले ते पाहतात. आपल्याकडे मागे पडलेल्या शाळेचा शेरा लिहून झाला की विषय संपतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या शाळेतली मुले वाचत नाहीत, तिथे एकाच अधिकाऱ्याने वर्षभर दरमहा जावे आणि दप्तराला हात लावण्याआधी मुलांचे वाचन ऐकावे. शेरेबुकात शाळेच्या उणिवांसमोर आणखी एक रकाना असावा. रिकामे पद, गळके छप्पर, ऊसतोडीला जाणारी मुले यांसाठी अधिकाऱ्याने स्वतः काय केले, ते त्यात तारखेसह लिहावे. पुढची भेट त्या रकान्यापासून सुरू व्हावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत. त्यांच्या बैठकीत हे शेरेबुक मोठ्याने वाचून दाखवले जावे, आणि त्या वेळी शेरा लिहिणारा अधिकारी समोर बसलेला असावा.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख