एक बाप्तिस्मा, दोन वेद्या

23 ऑक्टोबर 2025 रोजी व्हॅटिकनच्या सिस्टाईन चॅपेलमध्ये पोप लिओ चौदावे आणि इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांनी एकत्र प्रार्थना केली. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडल्यापासून, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांत, इंग्लंडच्या राजाने परमगुरूंसमवेत जाहीर उपासनेत भाग घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. बातमी आनंदाची होती व आम्हीही ती आनंदाने वाचली. परंतु त्या दिवशी तेथे काय घडले नाही, याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. स्तोत्रे गायिली गेली, शास्त्रवाचन झाले. पवित्र मिस्सा मात्र अर्पण करण्यात आली नाही. त्यानंतर 28 नोव्हेंबरला निकेया परिषदेच्या सतराशेव्या वर्षानिमित्त तुर्कस्तानातील इझनिक येथे निरनिराळ्या ख्रिस्तसभांचे प्रमुख जमले. त्यांनी विश्वासांगीकार एकमुखाने म्हटला, पण वेदी एक झाली नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या भाविकाला याचे नवल वाटू नये. हा अनुभव त्याला घरच्या लग्नातच येतो. मुलगी कॅथलिक, जावई चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. ख्रिस्तप्रसादाची वेळ येते तेव्हा व्याही मंडळी बाकावर बसून राहतात, नाहीतर न कळत रांगेत येऊन उभी राहतात. दोन्ही प्रकारे कोणाचे तरी मन दुखावतेच. मग जेवणाच्या पंगतीत प्रश्न निघतो: तुमचा ख्रिस्त वेगळा आणि आमचा वेगळा आहे काय?

मराठवाड्यात हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसविणारे नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. औरंगाबादेत काम करणारे रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले धर्मोपदेशक चर्च मिशनरी सोसायटीचे होते. आपल्याकडे सुवार्ता आली ती नागपूरहून, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघामार्फत. तिघांनी एकच शुभवर्तमान सांगितले, पण एकाने प्रभुभोजन म्हटले आणि दुसऱ्याने मिस्सा. शब्द निराळे झाले ते उगीच नव्हे.

मतभेद नेमका कोठे आहे, याविषयी आपल्या लोकांत बराच गैरसमज आहे. ‘प्रोटेस्टंट लोक भाकरीला नुसती भाकरीच समजतात’ असे आपण सरसकट बोलतो. ते खरे नाही. 1529 साली मारबुर्ग येथे मार्टिन ल्यूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले, तेव्हा प्रभूच्या शब्दांतील ‘आहे’ या एका क्रियापदावर ल्यूथर अडून राहिला. ख्रिस्ताचे शरीर तेथे खरोखर आहे, असे तो म्हणत होता. ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’, असे झ्विंगलीचे म्हणणे होते. कॅल्विनने तिसरी वाट काढली: विश्वासणारा पवित्र आत्म्याच्या द्वारे खरोखर ख्रिस्ताचा भागीदार होतो, मात्र भाकरी बदलत नाही. ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये कॅथलिक शिकवण पुन्हा ठामपणे मांडली. रूप, रंग, चव तीच राहते, पण भाकरी व द्राक्षारस यांचे समग्र तत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तित होते. तिकडच्या मंडळींचाही आपल्याविषयी एक गैरसमज आहे. आपण प्रत्येक मिस्सात ख्रिस्ताला पुन्हा बळी देतो, असे त्यांना वाटते. ख्रिस्तसभा तसे शिकवीत नाही. क्रुसावरील एकमेव बली वेदीवर उपस्थित होतो, त्याची पुनरावृत्ती होत नाही.

आपले कॅथेड्रल ज्या संताच्या नावाने उभे आहे, त्याचे आयुष्य याच वादात गेले. फ्रान्सिस डी सेल्स तरुणपणी कॅल्विनवादी शाब्ले प्रांतात गेले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी हस्तपत्रके लिहून दाराखालून सरकविली. 1596 च्या नाताळात तोनों येथे त्यांनी पुन्हा मिस्सा अर्पण केली. पुढे ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण कॅल्विनच्या त्या शहरात त्यांना राहता आले नाही. कारभार आन्सी येथून चालवावा लागला. मिस्साविषयीची शिकवण त्यांनी तसूभरही सोडली नाही, आणि विरोधकांना भेटायलाही ते चुकले नाहीत. 1597 मध्ये ते कॅल्विनचे उत्तराधिकारी बेझा यांच्या घरी गेले होते.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट ख्रिस्तसभा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन होते तसेच बाप्तिस्तही होते. म्हणजे प्रभुभोजनात ख्रिस्ताचे सान्निध्य मानणारे आणि त्याला मुख्यतः स्मरण मानणारे एका मेजाभोवती आले. त्यांच्या या धैर्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु कॅथलिक दृष्टीने येथेच अडचण आहे: आमच्याकडे एकत्र ख्रिस्तप्रसाद घेणे हे झालेल्या ऐक्याचे चिन्ह आहे, त्यांच्याकडे ते पुष्कळदा ऐक्याकडे नेणारे साधन असते. शिवाय धर्मगुरुपदाचा प्रश्न उरतोच. रोमने अँग्लिकन गुरुदीक्षा 1896 मध्ये अग्राह्य ठरविली, आणि तो निर्णय आजही कायम आहे. 1971 च्या अँग्लिकन-कॅथलिक विंडसर निवेदनाने व 1982 च्या लिमा दस्तऐवजाने सिद्धान्तातील अंतर बरेच कमी केले. तरी वेदी कोणाची आणि ती कोणाच्या हाती, हा प्रश्न राहिला.

तेव्हा व्याह्यांनी काय करावे? त्यांचा बाप्तिस्मा आपण मानतो. ते आपले बंधुभगिनीच आहेत. धर्मविधिसंहितेच्या 844 व्या कलमानुसार मृत्यूचा धोका असताना, किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर निकड असल्यास, ज्याला स्वतःचा धर्मसेवक उपलब्ध नाही, जो स्वतःहून मागतो, ज्याची कॅथलिक श्रद्धा या संस्कारापुरती तरी स्पष्ट आहे आणि ज्याची अंतःकरणाची तयारी आहे, अशाला ख्रिस्तप्रसाद देता येतो. लग्नसमारंभ म्हणजे तशी निकड नव्हे. म्हणूनच 1993 च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेत मिश्र विवाह सामान्यतः मिस्साविना करावेत असे सांगितले आहे. हा नियम अपमानासाठी नाही, उलट अपमान टाळण्यासाठी आहे. तो आमच्या घरांत फारच थोड्यांना ठाऊक असतो.

जर्मनीत 2018 मध्ये बहुसंख्य बिशपांनी प्रोटेस्टंट पतिपत्नींना काही प्रसंगी ख्रिस्तप्रसाद देण्याविषयी मार्गदर्शन तयार केले; सात बिशपांनी रोमकडे शंका पाठविली आणि मोठा वाद झाला. जी वेदना तेथील पतिपत्नींची, तीच गंगापूर-वैजापूरच्या कुटुंबांची. तिला ‘नियम आहे’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही.

आणि आपले स्वतःचे काय? अमेरिकेत प्यू संस्थेच्या 2019 च्या पाहणीत केवळ 31 टक्के कॅथलिकांनी भाकरी व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असे म्हटले. प्रश्नाच्या शब्दरचनेवर पुष्कळांनी आक्षेप घेतला, तो काही अंशी रास्तही होता. तरी तेथील बिशपांनी पुनर्जागरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला व जुलै 2024 मध्ये इंडियानापोलिस येथे राष्ट्रीय परिषद भरविली. व्याह्याला रांगेतून परत पाठविणाऱ्या आपल्यापैकी किती जण तो प्रश्न आपल्याला विचारला असता सरळ उत्तर देतील, असे आमच्या मनात येते. लग्न ठरलेल्या घरांनी मात्र धर्मगुरूंकडे पत्रिका छापण्यापूर्वीच जावे. मिस्सा ठेवायची की नाही, हे त्या दिवशी वेदीसमोर ठरविता येत नाही.