इशारा निघाला, पण बजावला कोणी?

समन्स काढणे वेगळे आणि समन्स बजावणे वेगळे, हे वकिलीच्या पहिल्याच वर्षी कळते. समन्स रीतसर बजावले गेले नाही, तर त्यावर झालेला एकतर्फी हुकूमनामाही रद्द होऊ शकतो. अमेरिकेतील वणव्यांच्या हवामान इशाऱ्यांकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडो राज्यातील स्टॉर्म किंग डोंगरावर वणवा विझवणाऱ्या १४ जणांचा आगीत बळी गेला. त्या दिवशी वाऱ्याचा जोर वाढणार, हे हवामान खात्याला ठाऊक होते. तसा ‘रेड फ्लॅग’ इशाराही निघाला होता. परंतु तो डोंगरउतारावर राबणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचलाच नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. या कामगारांसाठी १९५७ साली जे दहा हुकूम तयार झाले, त्यातला पहिलाच हुकूम हवामानाची आणि अंदाजाची माहिती ठेवा, असा आहे. माहिती ठेवण्याची जबाबदारी खालच्यावर. मग ती पोहोचवण्याची कोणावर?

हा प्रश्न बिकट होतो, कारण तिथे कारभार वाटला गेला आहे. फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याकडे, राष्ट्रीय उद्याने अंतर्गत कारभार खात्याकडे, हवामान सेवा वाणिज्य खात्याकडे. शिवाय प्रत्येक राज्याची यंत्रणा निराळी. या सर्वांचा मेळ घालण्यासाठी १९७६ साली ‘नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप’ स्थापन झाला. वणव्यासाठीच्या हवामान केंद्रांची मानके हा गट ठरवतो. वारा २० फूट उंचीवर मोजायचा आणि १० मिनिटांची सरासरी घ्यायची, हे त्यातलेच एक. विमानतळावरची केंद्रे साधारण १० मीटरवर मोजतात आणि २ मिनिटांची सरासरी देतात. म्हणजे एकाच वाऱ्याचे दोन आकडे! कोणता आकडा कोणत्या मापाचा हे न सांगता दिला, तर आगीसमोरचा माणूस फसतो. म्हणून समान मानक ही कारकुनी हौस नव्हे, ती जिवाची गरज आहे.

परंतु मापाचे मानक ठरले म्हणजे काम संपले काय? ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे १९ जण मृत्युमुखी पडले. तेथे वादळी वाऱ्याचे इशारे रेडिओवरून दिले गेले होते. तरीही माणसे वाचली नाहीत. त्या राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने राज्याच्याच वन विभागाला दोषी धरले. माणसांच्या जिवापेक्षा वाचवता न येणाऱ्या इमारतींना महत्त्व दिले, असा तिचा ठपका होता. पुढे ते प्रकरण तडजोडीत मिटले. तात्पर्य, इशारा हाती पडल्यावर माघार घेण्याचा हक्क आणि तसा आदेशही हवा.

आता पुन्हा फेररचना चालू आहे. दोन खात्यांचे वणवाविषयक काम एकत्र करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी जून २०२५ मध्ये काढला. त्याच वर्षी हवामान सेवेतून शेकडो कर्मचारी कमी झाले. एकीकरणाला आमचा विरोध नाही. परंतु मानक पुस्तकात ठेवायचे आणि ते पाळणारी माणसे घरी पाठवायची, याला समन्वय म्हणत नाहीत.

आगीसमोरचा कामगार कमरेच्या पिशवीतली साधने काढून तापमान, आर्द्रता व वारा मोजतो आणि वर कळवतो. त्याच्या नोंदीवर त्या जागेचा खास अंदाज तयार होतो. जो माहिती वर देतो, त्याला ती खाली वेळेवर मिळणे हा उपकार नाही, हक्क आहे. म्हणून मानकांच्या यादीत आणखी एक कलम ठळकपणे असले पाहिजे : इशारा किती वाजता निघाला एवढेच नव्हे, तर शेवटच्या माणसाने तो किती वाजता ऐकला, याची नोंद. पोचपावतीशिवाय बजावणी पूर्ण होत नाही!