भादव्याआधीचं काम

भाद्रपद सरला की गल्लीतल्या कुत्र्यांची टोळकी पांगतात. मग साधारण दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, कडब्याच्या गंजीखाली, पडक्या वाड्यात, शाळेच्या भिंतीआड पिल्लं दिसू लागतात. एरवी भाकरीच्या तुकड्यासाठी शेपूट हलवणारी मादी पिल्लांच्या जवळून कुणी गेलं तरी अंगावर धावते. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसरात हाच काळ ऊसतोडीचा. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघून जातात. घरांना कुलपं लागतात, त्या दारांवरची कुत्री मोकाट होतात. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली पोरं.

जयपूरमध्ये कुत्र्यांच्या नसबंदीचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि तिथल्या अभ्यासातही हेच दिसलं. कुत्र्यांच्या माजाचा हंगाम गेला की सुमारे दहा आठवड्यांनी चाव्यांची संख्या चढते. नसबंदी वाढली तसे माणसांना होणारे चावे कमी झाले. म्हणजे चावरेपणाचा मोठा भाग ठरलेल्या महिन्यांत येतो आणि त्याची तयारी आधी करता येते. गावपातळीवर मात्र कुणाला तरी चावा बसल्यावरच धावाधाव होते.

बीड जिल्ह्यातली कुत्री एकदा देशभर गाजली होती. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात वानरांनी पिल्लं उचलून उंचावरून टाकल्याच्या बातम्या परदेशापर्यंत गेल्या. मेलेल्या पिल्लांचे आकडे सांगेल तसे वाढले, आणि शेवटी नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडली. तेवढं लक्ष कुत्रं चावलेल्या पोराकडे कधी जात नाही. देशात २०२४ मध्ये कुत्र्याच्या चाव्याच्या ३७ लाखांहून जास्त घटनांची नोंद झाली.

सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. ११ ऑगस्टचा आदेश दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं पकडलं तिथंच सोडायचं, मात्र रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं परत सोडायचं नाही. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. आदेश योग्य दिशेचे आहेत. पण चावरं कुत्रं परत सोडायचं नाही, तर ठेवायचं कुठं? मोकाट जनावरांसाठी गावाला कोंडवाडा ठाऊक आहे, कुत्र्यांसाठी तसं काहीच नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि नसबंदी केंद्राला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता सक्तीची केली. पिंजरे, शस्त्रक्रियेची खोली, पशुवैद्य, पकडणारी प्रशिक्षित माणसं, हा सगळा पसारा एकट्या ग्रामपंचायतीला झेपणारा नाही. तो तालुक्यालाच उभारावा लागेल. केजला पंचायत समिती आणि पशुसंवर्धन विभाग मिळून एक केंद्र, एक गाडी आणि चावऱ्या कुत्र्यांसाठी चार बंद खोल्या, एवढं झालं तरी आसपासच्या गावांची सोय होईल.

तोवर कुणीतरी विष घालतंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावर ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे एक. शिवाय मारून प्रश्न सुटत नाही. मुंबई महापालिकेनं कित्येक दशकं कुत्री मारली, आणि अखेर १९९४ मध्ये ते सोडून नसबंदीचा मार्ग धरला. मटणाच्या दुकानामागचा उकिरडा उघडा असेल तर रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात, आणि ती लस न टोचलेलीही असू शकतात.

जवळचा धडा गोव्याचा आहे. तिथं सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेनं गेल्या दशकात वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचण्यापर्यंत मजल मारली. दोघं-तिघं जाळी घेऊन गल्लीत शिरतात, कुत्रं जाळीत अडकलं की जागेवरच टोचतात, अंगावर रंगाचा ठिपका देतात आणि सोडून देतात. मागून दुसरी माणसं येऊन ठिपक्याची किती आणि बिनठिपक्याची किती हे मोजतात. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, म्हणून ही मोजणी. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, त्याआधीची तीन वर्षं तिथं माणसाचा रेबीजनं मृत्यू झाला नव्हता. लसीकरणाला शस्त्रक्रियेची खोली लागत नाही. म्हणून गावानं सुरुवात इथूनच करावी.

आणि चावा बसलाच तर? जखमेत मिरची, चुना, हळद भरण्याची रीत अजून आहे, ती थांबायलाच हवी. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती म्हाताऱ्यांच्या मनातून गेलेली नाही. ती जुनी लस देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता दंडात टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेच्या आत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, आणि ते आरोग्य केंद्रात नसेल तर वेळ न दवडता अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. खरी अडचण ऊसतोड कुटुंबाची आहे. पहिला डोस केजला, तिसऱ्या दिवशी टोळी सांगलीच्या वाटेवर, सातव्या दिवशी फडावरच्या कोपीत. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस चुकला तर कळणार कुणाला? टोळी निघण्याआधी आशाताईंनी लशीचं कार्ड मुकादमाच्याही हाती द्यावं. उरलेल्या तारखांना मजुराला सोडणं आणि दवाखान्यात पोचवणं मुकादमावर आणि कारखान्यावर बंधनकारक असावं, अशी अट आरोग्य खात्यानं घालायला हवी.

वर्षातल्या ग्रामसभांपैकी १५ ऑगस्टची सभा भाद्रपदाच्या तोंडावर येते. त्या सभेत गल्लीनिहाय कुत्र्यांची मोजणी, दारावरच्या प्रत्येक कुत्र्याला लस, मटणाच्या दुकानांच्या घाणीसाठी झाकणाचा खड्डा आणि माणसाला चावलेल्या कुत्र्यांची ग्रामसेवकाकडे नोंदवही, एवढं ठरावात यावं. ठराव पंचायत समितीकडे पाठवून सही-शिक्क्याची पोच घ्यावी, आणि २ ऑक्टोबरच्या सभेत त्यातलं काय झालं ते सरपंचांना विचारावं. टोळ्या तेव्हा अजून गावातच असतात.