निन्टेंडोचे यंत्र आणि आमच्या कारागिरांची शिलाई मशीन

व्यापाराच्या या पानावर खेळण्याच्या यंत्राचा विषय पाहून काही बुजुर्ग वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. मुलांनी असले खेळ खेळावेत की नाही, आणि खेळले तर किती वेळ, हा सवाल उलेमांचा व आईबापांचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. आमचा सवाल तिजारतीचा आहे. जे यंत्र जगभरात 15 कोटींहून अधिक नग विकले गेले, त्याच्या जोडसामानाचा धंदा कोण करतो आणि त्यात आमच्या शिवणकाम व दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना हलाल रोजीची जागा आहे की नाही, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

यंत्राचे नाव 'स्विच'. बनविणारी कंपनी जपानच्या क्योटो शहरातील निन्टेंडो. ही कंपनी 1889 साली सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनविण्यासाठी, म्हणजे तिचे मूळ कागदाच्या कारागिरीतच आहे. 3 मार्च 2017 रोजी तिने स्विच बाजारात आणले. त्याची खुबी अशी की एकच यंत्र दोन कामे करते. घरी 'डॉक' नावाच्या खाचेत उभे केले की खेळ टीव्हीवर दिसतो. उचलून हातात घेतले की त्याच्या स्वतःच्या 6.2 इंची पडद्यावर तोच खेळ पुढे चालतो. दोन्ही बाजूंना 'जॉय-कॉन' नावाच्या दोन मुठी असतात. त्या निघतात, आणि एकेक मूठ दोन भावंडांनी वाटून घेता येते.

कापडाच्या व्यापाऱ्याला यात काय दिसावे? आम्हाला दिसला तो जोडसामानाचा हिशेब. अमेरिकेत पहिल्या वर्षी यंत्राची किंमत होती 299.99 डॉलर. त्याच वेळी जॉय-कॉनची जादा जोडी 79.99 डॉलरला, टीव्हीवर खेळण्याचा 'प्रो' कंट्रोलर 69.99 ला आणि दुसऱ्या खोलीसाठी वेगळा डॉक-संच 89.99 ला होता. तिन्ही घेतले तर सुमारे 240 डॉलर होतात. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या पाऊणपटीहून जास्त रक्कम केवळ जोडसामानात जाते, आणि यात अजून पिशवी, पडद्यावरची काच, मेमरी कार्ड व चार्जर धरलेले नाहीत. शेरवानी एकदा शिवली जाते, पण तिच्यामागे अस्तर, बटणे, दुपट्टा आणि जोडे येतात, हे आमच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. येथेही तसेच आहे.

निन्टेंडोने तर 2018 च्या एप्रिलमध्ये पुठ्ठासुद्धा विकला. 'लॅबो' या नावाने कापून ठेवलेले पुठ्ठ्याचे ताव खोक्यात भरून दिले. मुलाने ते स्वतः दुमडायचे, पियानो किंवा मासे पकडायची गळकाठी बनवायची, आणि त्यात जॉय-कॉन बसवून खेळायचे. पहिल्या संचाची किंमत 69.99 डॉलर होती. पुठ्ठ्याचे खोके बनविणाऱ्या आमच्या भावांनी हा आकडा जरा दोनदा वाचावा. 2019 च्या ऑक्टोबरात 'रिंग फिट' नावाचा व्यायामाचा खेळ आला. त्याच्यासोबत एक लवचीक कडे आणि मांडीला बांधायचा एक पट्टा येतो. तो पट्टा म्हणजे कापड, लवचीक पट्टी आणि वेल्क्रो. असा पट्टा शिवायला कोणते मोठे इल्म लागते? आमच्या मोहल्ल्यात कमरेचे आणि गुडघ्याचे पट्टे शिवणारे घरोघर आहेत.

आता पिशवीकडे वळू, कारण आमचा खरा मुद्दा तेथे आहे.

बाजारात मिळणारी कडक केस बहुतेक एकाच रीतीने बनते. फोमच्या तक्त्यावर बाहेरून पॉलिएस्टर कापड आणि आतून मऊ अस्तर चिकटवितात, तो तक्ता गरम करून साच्यात दाबतात, कडा कापून चेन शिवतात. दिसायला सुबक असते. परंतु तिचा जीव साच्यात असतो आणि साचा एकाच मापाचा असतो. स्विचची मापे पाहा. पहिले यंत्र मुठींसह 239 मिलिमीटर लांब व 102 मिलिमीटर उंच. 2019 च्या सप्टेंबरात आलेले धाकटे 'लाइट' 208 लांब व 91 उंच. 2021 च्या ऑक्टोबरातील ओलेड पडद्याचे 242 लांब. आणि 5 जून 2025 रोजी आलेले 'स्विच 2' थेट 272 लांब व 116 उंच. जाडी मात्र चारही यंत्रांची 13.9 मिलिमीटरच राहिली. ज्यांच्या गोदामात पहिल्या मापाच्या कडक केसेस भरून होत्या, त्यांचा माल स्विच 2 च्या गिऱ्हाइकाला उपयोगाचा राहिला नाही, आणि नव्या साच्याचा खर्च पुन्हा डोक्यावर बसला.

शिवलेल्या पिशवीचे तसे नाही. आत पातळ फोम, वर कोटिंगचे जाड पॉलिएस्टर, आत मखमली अस्तर, मध्ये झाकणासारखा एक पडदा, ज्याच्या मागे खेळांची छोटी कार्डे ठेवता येतात; अशी पिशवी आमचा कारागीर कागदी फर्म्यावर कापतो. माप बदलले तर नवा फर्मा एका दुपारी तयार होतो. वजनाचा विचार मात्र करावा लागेल. पहिले यंत्र मुठींसह सुमारे 398 ग्रॅमचे होते, स्विच 2 सुमारे 534 ग्रॅमचे आहे. पट्ट्याच्या टोकाला एक टाका पुरणार नाही, चौकोन मारून त्यात फुली घालावी. चेन स्वस्तातली घेऊ नये. पिशवी परत येते ती बहुधा चेनपायी. आणि चेनच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी द्यावी, नाहीतर दात काचेच्या पडद्याला घासतील. अस्तराचा रंग फिका ठेवला तर छोटे कार्ड खाली पडलेले चटकन दिसते. ते कार्ड एवढेसे असते की लहान मूल तोंडात घालील या भीतीने कंपनीने त्याला कडू लेप दिलेला आहे.

मदनपुऱ्यातील एक पिशवी-कारागीर आमच्या दुकानातून बरीच वर्षे कापड नेतो. त्याला अशा दोन हजार पिशव्यांची ऑर्डर आली. अट अशी की प्रत्येक पिशवीवर निन्टेंडोचा छाप हवा आणि आत जपानी अक्षरांची चिठ्ठी हवी, म्हणजे माल कंपनीचा वाटेल. छाप असेल तर नगाला जादा भाव. त्याने आमच्याकडे कापड उधारीवर मागितले. आम्ही म्हणालो, कापड कोरे न्या, छापाच्या कामाला आमची उधारी नाही. त्यावर तो म्हणाला, "सेठ, मी नाही केले तर दुसरा करील. माझ्याकडे सहा माणसे आहेत, त्यांचा हप्ता कोण देणार?"

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहा माणसांची चूल हा मोठा सवाल आहे, आणि जे लोक मशिदीच्या ओट्यावर बसून कारागिराला ईमानदारीचे धडे देतात, त्यांनी त्याचे भाडे भरलेले नसते. म्हणून आम्ही त्याला आखिरतची भीती दाखविली नाही. आम्ही त्याच्यापुढे कायदा ठेवला. 1999 च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम 103 प्रमाणे दुसऱ्याचा छाप खोटा लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. धाड पडते तेव्हा माल कारागिराच्या खोलीत सापडतो. ऑर्डर देणाऱ्याचे नाव कोठल्याही कागदावर नसते, कारण तो कागद करतच नाही.

परंतु याच कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे, जी आमच्या लोकांना कोणी सांगत नाही. कलम 30 म्हणते की जोडसामान बनविणाऱ्याला आपला माल अमुक यंत्रासाठी बनविला आहे हे सांगण्यापुरते त्या यंत्राचे नाव घेता येते. गरज असेल तेवढेच घ्यावे आणि माल मूळ कंपनीचा आहे असा भास होऊ देऊ नये. म्हणजे पिशवीवर आपले नाव ठळक घालून खाली साध्या अक्षरात 'निन्टेंडो स्विच 2 साठी योग्य' असे लिहिता येते. कंपनीच्या छापाचे चित्र, तिची लाल पट्टी, जपानी चिठ्ठी, यांतले काही नको. मोठ्या संख्येने माल काढण्याआधी एखाद्या वकिलाला नमुना दाखवून घ्यावा, त्याची फी दंडापेक्षा कमीच असते.

जोडसामानाच्या धंद्यात घाई किती आणि ती कोठे नेते, याचाही एक दाखला आहे. स्विच 2 जाहीर होण्यापूर्वीच, 2025 च्या जानेवारीत, अमेरिकेतील 'गेंकी' या जोडसामान बनविणाऱ्या कंपनीने लास वेगासच्या प्रदर्शनात त्या यंत्राचा नमुना लोकांना दाखविला. गाजावाजा झाला. मे महिन्यात निन्टेंडोने दावा लावला आणि त्याच वर्षी प्रकरण समेटाने मिटले. ज्यांच्या यंत्रावर आपली रोजी आहे त्यांच्याशी कज्जा करून छोट्या व्यापाऱ्याने काय कमवावे?

आता विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. 2017 साली निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे आणले नव्हते. आमच्या बाजारात ते आखाती देशांतून आणि सिंगापूर-हाँगकाँगकडून व्यापाऱ्यांच्या सामानातून आले. असा माल विकताना येथे कंपनीची वॉरंटी लागू नाही हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे दुकानदारावर आहे. मेमरी कार्डाचे तर विचारूच नका. कार्डावर 512 जीबी छापलेले असते, यंत्रही तेवढेच दाखविते, आणि खरी जागा 32 जीबीची निघते. भरत गेले की जुने पुसून नवे लिहिले जाते. त्यातच स्विच 2 मध्ये खेळ ठेवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस जातीचेच कार्ड लागते. जुन्या जातीच्या कार्डावरून फक्त जुनी चित्रे व चित्रफिती उतरविता येतात. जुने कार्ड "चालेल, चालेल" म्हणून विकणाऱ्यांना आम्ही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातील त्या प्रसंगाची आठवण देतो. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. मग ते वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. ओले धान्य विकू नकोस, असे ते म्हणाले नाहीत. झाकू नकोस, असे म्हणाले. जुने कार्डही जुने सांगून विकता येते.

स्वस्त डॉकचेही तेच. 2018 च्या मार्चमध्ये कंपनीने यंत्राची आज्ञावली बदलली आणि परक्या कंपन्यांच्या काही डॉकवर ठेवलेली यंत्रे साफ बंद पडली. पिशवी वाईट निघाली तर गिऱ्हाईक शंभर-दोनशे रुपयांना बुडते. विजेचे सामान वाईट निघाले तर अख्खे यंत्र जाते. भांडवल थोडे असलेल्या माणसाने डॉक आणि चार्जरच्या वाटेला जाऊ नये, कापड आणि फोम बरा, असे आमचे मत आहे.

राहिली दुरुस्ती. जॉय-कॉनची छोटी काडी काही काळाने आपोआप एका बाजूला सरकू लागते, हात न लावता बाहुले चालू लागते. काडीच्या आत कार्बनचा थर असतो, त्यावर धातूचे टोक घासते आणि थर झिजतो. या तक्रारीवरून 2019 मध्ये अमेरिकेत दावे झाले. 2020 च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांपुढे गिऱ्हाइकांची माफी मागितली. 2021 च्या जानेवारीत युरोपच्या ग्राहक संघटनेने तेथील आयोगाकडे तक्रार नेली. ज्या देशात कंपनीचे दुरुस्ती केंद्र नाही तेथे हे काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराकडे येते. तीन पाकळ्यांचा बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि स्थिर हात एवढे सामान लागते. घासणारी काडी काढून चुंबकावर चालणारी काडी बसविता येते, तिच्यात थर नसल्याने झीज तशी होत नाही. लाइट यंत्राच्या मुठी निघत नाहीत, त्याचे संपूर्ण पोट उघडावे लागते. त्याची मजुरी वेगळी धरावी आणि आधी सांगावी. सुटा भाग मूळ कंपनीचा की दुसऱ्याचा, हे पावतीवर लिहावे.

हे काम पुढे कमी होईल असे आम्हाला वाटत नाही. युरोपियन युनियनच्या 2023 च्या बॅटरी कायद्याप्रमाणे 18 फेब्रुवारी 2027 पासून हातातल्या यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागते. कंपन्यांनी यंत्रे त्या प्रकारे बनविली की बॅटरी बदलण्याचे काम सोपे होईल आणि त्याची मजुरी उतरेल, पण काडी, पडदा आणि चार्जिंगचे छिद्र आहेतच. ज्यांची मुले दहावीनंतर घरी बसून आहेत त्यांनी त्यांना सहा महिने एखाद्या चांगल्या उस्तादाच्या हाताखाली बसवावे. पिशवी शिवणाऱ्यांना स्विच 2 च्या मापाचा कागदी फर्मा पाहायचा असेल तर आमच्या दुकानी जुम्याची नमाज सोडून कधीही यावे. कोरे कापड उधारीवर मिळेल, मुदत 45 दिवस.