विज्ञान चावडी : नोंद आधी, बदल मागाहून



बँकेतील शिल्लक, रेशन कार्ड, सातबारा, अशा आपल्या जिव्हाळ्याच्या नोंदी आता संगणकात गेल्या आहेत. घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात ‘डेटाबेस’ नावाचा विषय शिकत असेल. हा विषय वाटतो तितका परका नाही. ज्याने सातबारा आणि फेरफार नीट वाचला आहे, त्याला त्यातले निम्मे येते म्हणा ना!

डेटाबेस म्हणजे संगणकात नीट लावलेले दप्तर. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की माहिती साध्या कोष्टकांत मांडा आणि एक कोष्टक दुसऱ्याशी समाईक क्रमांकाने जोडा. आपला खाते क्रमांक नेमके हेच काम करतो. सातबाऱ्यावर एका गटाची माहिती असते आणि खाते क्रमांकही असतो. तोच क्रमांक धरून ८अ पाहिला, की त्या खात्यावरची गावातली सगळी जमीन एका जागी दिसते. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच पायावर उभे आहेत.

आता प्रश्न असा, की लाखो नोंदींतून हवी ती नोंद क्षणात सापडते कशी? त्यासाठी सूची असते. १९७२ साली बायर आणि मॅकक्राइट या दोघांनी झाडासारखी सूची करण्याची रीत प्रसिद्ध केली. समजा, झाडाला शंभर फांद्या, प्रत्येक फांदीला शंभर डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीला शंभर पाने आहेत. पाने झाली दहा लाख, पण हवे ते पान गाठायला पायऱ्या तीनच!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वडिलांच्या खात्यातून मुलाच्या खात्यात ५,००० रुपये जायचे आहेत. वडिलांचे वजा झाले आणि मुलाकडे जमा होण्याआधीच वीज गेली, तर? चांगला डेटाबेस आधी ‘काय करायचे आहे’ ते एका रोजकीर्दीत लिहून ठेवतो आणि मग मूळ कोष्टकाला हात लावतो. वीज आल्यावर तो रोजकीर्द वाचतो. व्यवहार पक्का झाल्याची खूण असेल तर राहिलेले काम पुरे करतो, नसेल तर सगळे पूर्ववत करतो. अर्धवट काही ठेवत नाही. आपल्याकडे फेरफाराचे असेच आहे. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावरचा बदल पक्का होतो. नोंद आधी, बदल मागाहून!

पण सारे दप्तर एकाच यंत्रात ठेवले आणि ते जळाले किंवा पुरात गेले, तर? म्हणून एकाच नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या गावच्या यंत्रांत ठेवतात. इथे नवीच अडचण उभी राहते. दोन भावांच्या समाईक खात्यात ५,००० रुपये आहेत. दोन शहरांतील यंत्रांमधली तार तुटली आणि त्याच वेळी दोघांनी दोन ठिकाणी ४,००० मागितले. दोघांनाही दिले तर हिशेब चुकला. तार जुळेपर्यंत थांबा म्हटले तर माणूस खोळंबला. तार तुटलेली असताना अचूक हिशेब आणि प्रत्येकाला तात्काळ उत्तर ही दोन्ही एकदम साधत नाहीत, हा विचार एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडला. २००२ साली गिल्बर्ट आणि लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला.

यावरची तोड आपल्या पंचांसारखी आहे. प्रती पाच ठेवा आणि तिघांनी होकार दिल्यावाचून कोणतीही नोंद पक्की धरू नका. पाचांतले कोणतेही तीन घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणतेही तीन घ्या. निदान एक तरी पंच दोन्ही वेळी हजर असणारच. काल काय ठरले ते तोच सांगेल. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही रीत एका ग्रीक बेटावरील काल्पनिक सभेची गोष्ट सांगून समजावली. सभासद मधूनच उठून जातात, प्रत्येकाची वही वेगळी, तरी सभेचे ठराव एकमेकांविरुद्ध जात नाहीत.

मंडळी, आता कामाची गोष्ट. ही सारी व्यवस्था नोंद हरवू देत नाही; पण मुळात चुकीची लिहिलेली नोंद ती बरोबर करत नाही. वारसांत बहिणीचे नाव सुटले असेल, तर ते पाचही प्रतींत तितक्याच इमानाने सुटलेले राहील. म्हणून सातबारा आणि ८अ काढून नावे, क्षेत्र व खाते क्रमांक घरात सर्वांनी मिळून वाचा. फेरफाराची नोटीस आली तर ती फळीवर ठेवू नका. हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. लेखनातली चूक असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. यंत्राची स्मरणशक्ती दांडगी. खरे-खोटे पाहणे मात्र आपल्याकडेच.

आणि शिकणाऱ्या मुला-मुलींनो, आरंभ कागदावर करा. एका पानावर शेतांची यादी लिहून प्रत्येक शेताला क्रमांक द्या. दुसऱ्या पानावर खर्च लिहा, पण तिथे शेताचे नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहा. म्हणजे एके ठिकाणी ‘वरचा मळा’ आणि दुसरीकडे ‘विहिरीचा मळा’ असा घोळ होणार नाही. हे जमले, की संगणकावर एस्क्यूलाइट हा फुकट मिळणारा डेटाबेस घ्या आणि तीच दोन कोष्टके त्यात मांडा. मग त्याला विचारा, यंदा कोणत्या शेताने जास्त पैसा खाल्ला? उत्तर आले, की ते आईवडिलांना वाचून दाखवा. घरच्या हिशेबाला त्याचा उपयोग होईल आणि तुमचा धडाही पक्का होईल.