पहिली रोड बाइक : वेगाआधी रस्ता पाहा

कळंबोली, प्रतिनिधी

सायकलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी ५० हजार रुपये किंमत असलेल्या रोड बाइकला पूर्वी ५६ हजार मोजावे लागत. आता तीच साडेबावन्न हजारांत बसते. कळंबोली, कामोठे, खारघर परिसरात पहाटे सायकल घेऊन बाहेर पडण्याचा बेत आखणाऱ्यांसाठी ही संधी आहे. मात्र, पहिली सायकल वेगासाठी घ्यायची की आरामासाठी, हा प्रश्न करकपातीने सुटलेला नाही.

दुकानात नवख्या ग्राहकाची नजर प्रथम वजनाच्या आकड्यावर जाते. तेथेच फसगत होते. स्वाराचे वजन ७० किलो आणि सायकलीचे १० किलो धरल्यास, एक किलो हलकी सायकल घेऊन एकूण ओझे अवघे सव्वा टक्क्याने घटते. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून बोरघाट चढण्यास ४० मिनिटे लागत असतील, तर त्यातून वाचतात जास्तीत जास्त ३० सेकंद. सपाटीवर तर वजनापेक्षा वाऱ्याचा अडथळा मोठा. वेग दुप्पट झाला की हा अडथळा चौपट होतो. म्हणूनच शर्यतीच्या सायकलीचे हँडल खाली आणि पुढे असते. परंतु ही वाकलेली बैठक टिकवण्यासाठी पाठ, मान आणि मनगटे तयार असावी लागतात. तासाभरात कंबर धरून ताठ बसणाऱ्या स्वाराला त्या रचनेचा लाभ उरत नाही.

कळंबोलीत तर रस्त्याचाच विचार आधी करावा लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो, पण त्यावर सायकलीला मज्जाव आहे. उरतात ते शीव-पनवेल महामार्ग, जुना पुणे रस्ता आणि जेएनपीटीकडे जाणारा मार्ग. लोखंड-पोलाद बाजारातील ट्रेलर, बंदराकडे धावणारे कंटेनर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांतून वाट काढताना नजर वर आणि हात ब्रेकवर हवेत. २३ मिलिमीटरचे अरुंद, टणक टायर आणि खाली झुकलेली मान येथे केवळ गैरसोयीची नव्हे, तर धोक्याची ठरू शकते.

आराम म्हणजे वेगाशी तडजोड, हा समजही आता जुना झाला आहे. ५० किलोमीटरहून अधिक दगडी फरसबंदी असलेल्या पॅरिस-रुबे शर्यतीत व्यावसायिक सायकलपटूंनीच रुंद टायर आणि धक्के शोषणाऱ्या सांगाड्यांचा आधार घेतला. खडबडीत पृष्ठभागावर टणक टायर उसळतो आणि स्वाराची शक्ती वाया जाते. थोडा रुंद, कमी हवेचा टायर रस्त्याला धरून राहतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे विश्रांतीसह ताशी सरासरी १५ किलोमीटरही पुरतात. तेथे कस लागतो तो वेगापेक्षा बैठकीचा.

अर्थात, ज्यांना शर्यतीतच उतरायचे आहे, त्यांनी शर्यतीची सायकल घेणे गैर नाही. तिचे वळण चपळ असते आणि गटात स्वार होताना ते उपयोगी पडते. इतरांनी मात्र किंचित उंच हँडलची ‘एंड्युरन्स’ रचना, किमान २८ आणि शक्यतो ३२ मिलिमीटर टायर बसेल एवढी जागा, पावसासाठी डिस्क ब्रेक आणि घाटासाठी ५०-३४ दात्यांच्या पुढच्या चक्रांसह मागे ३२ किंवा ३४ दात्यांचे मोठे चक्र पाहावे. सांगाड्याचे माप चुकले, तर यातील काहीच कामी येत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. करात वाचलेले साडेतीन हजार हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि पंप यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

तरीही एक गोष्ट नमूद करायला हवी. रुंद टायर खड्ड्याचा धक्का कमी करतो, खड्डा बुजवत नाही. ते काम महापालिका, सिडको आणि महामार्ग यंत्रणांचे आहे. ग्राहकाने आरामदायी सायकल निवडली, म्हणून त्यांची जबाबदारी हलकी होत नाही.